टेबल सॉच्या विंगमध्ये राउटर बसवताना

तुम्हाला टेबल सॉचा (टेबलातून गोल पातं वर येणारी करवत) उजवीकडचा पत्र्याचा विंग, म्हणजे टेबलाचा बाजूचा वाढीव भाग, काढून तिथे राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारं यंत्र) खालून लटकता बसवायचा आहे. नवा विंग कशाचा करावा आणि सॉचाच फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ आडपट्टी) राउटरला चालेल का, असं विचारलंय.

जरूर करा, फेन्सही चालतो. फक्त राउटर जिच्यावर लटकतो त्या प्लेटसाठी भोक पाडलं की काम झालं असं समजू नका. अवघड आहे ते विंग वर्षभर सपाट ठेवणं. माझा पहिला विंग 18 मिमी प्लायच्या एकाच थराचा होता. राउटर कायम लटकलेला, त्यामुळे तो मध्ये हळूहळू बसला. डोळ्यांना काही दिसेना, पण लांब पट्टीला खाच घेतली की तिची खोली सगळीकडे सारखी येईना. किती दिवस मी बिटला, म्हणजे राउटरच्या फिरत्या पात्यालाच, दोष देत होतो!

म्हणून 18 मिमीचे दोन थर चिकटवून 36 मिमी जाडी करा, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा चांगला प्लाय. लॅमिनेट वरून आणि खालून, दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू दमट हवा शोषते आणि फळी वाकते. अखंड लाकूड नको, ते ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं. भोकाच्या दोन्ही बाजूंना खालून लोखंडी अँगल किंवा उभ्या धारेवर टणक लाकडाच्या पट्ट्या लावा, आणि बाहेरच्या टोकाला जमिनीपर्यंत एक पाय द्या.

जागा आखण्याआधी ब्लेड 45 अंशांत कलवून बघा. काही यंत्रांत मोटार त्या वेळी विंगखाली येते आणि राउटरला अडते.

प्लेट बसायच्या खाचेसाठी ती विंगवर ठेवून तिच्या चारी बाजूंना पट्ट्या घट्ट बसवा, मग प्लेट उचलून त्यांच्या आधाराने बेअरिंगवाला बिट (फिरती चकती पट्टीला टेकून चालणारा) फिरवा. खोली प्लेटच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा, बाकीचं प्लेटच्या कोपऱ्यांतले स्क्रू सांभाळतात, त्यांनी ती वर उचलून विंगच्या पातळीत आणता येते. कोपऱ्यांची गोलाई बिटच्या व्यासावर ठरते, तीही आधी प्लेटशी जुळवून घ्या. मग आत साधारण 15 मिमीचा काठ सोडून मधला भाग कापून काढा.

विंग सॉच्या टेबलाला बोल्टने जोडताना लाकडातली भोकं थोडी मोठी ठेवा. टेबल आणि विंग दोन्हींवर सरळ पट्टी टेकवायची, पातळी जुळली की मगच आवळायचं.

आता फेन्स. त्याच्या उजव्या तोंडावर लाकडी फळी लावा आणि बिटसाठी तिच्यात कोनाडा कापा. बिट गोल फिरतो, त्यामुळे इथे फेन्स ब्लेडशी समांतर असण्याची गरज नाही. पण दिशेची गफलत अजिबात होऊ देऊ नका. तुम्ही विंगच्या टोकाशी, फेन्सकडे तोंड करून उभे असाल. लाकूड तुमच्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे सॉच्या मागच्या बाजूकडून पुढे सरकवायचं. सॉवर आपण पुढून मागे ढकलतो, हाताला तीच सवय असते. राउटरवर तसं केलंत तर बिट लाकूड हातातून खेचून नेतो. लाकूड बिट आणि फेन्स यांच्या मध्येही कधी घालू नका.

75 मिमीच्या आसपासचे मोठे बिट मिनिटाला 10 ते 12 हजार फेऱ्यांवरच चालवा. राउटरचा स्विच समोर, गुडघ्याच्या उंचीवर आणा, विंगखाली चाचपडत बंद करावा लागू नये. राउटरचं काम चालू असताना सॉचं ब्लेड टेबलाखाली उतरवलेलं आणि सॉचा प्लग काढलेला हवा.