सॉर्टला ‘वर्गीकरण’ नको, आपल्याकडे ‘लावणं’ आहे

प्रश्न असा आलाय की वाचनालयाच्या पुस्तकांची यादी जँगोमध्ये (वेबसाइट बनवायच्या पायथनच्या चौकटीत) केलीये, तिचा मराठी इंटरफेस करताना सॉर्टला (नोंदी क्रमाने लावण्याला) ‘वर्गीकरण’ आणि पेजिनेशनला (लांब यादी पानापानांत दाखवण्याला) ‘पृष्ठांकन’ लिहिलं तर चालेल का.

वर्गीकरण अजिबात नको. वर्गीकरण म्हणजे वर्ग पाडणं, कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं एकीकडे. सॉर्टमध्ये वर्ग पडत नाहीत, सगळी पुस्तकं एकाच रांगेत राहतात, कोणामागे कोण एवढंच बदलतं. ‘लेखकनिहाय’चंही तेच, लेखकनिहाय यादी म्हटलं की मला लेखकाचं नाव वर आणि त्याखाली त्याची पुस्तकं असं दिसतं, म्हणजे ते ग्रुपिंग झालं. आणि ‘निवडा’ तर फिल्टरचा शब्द आहे, तांदूळ निवडताना खडे बाहेर जातात, सॉर्टमध्ये बाहेर काहीच जात नाही.

‘क्रमवारी लावा’ बऱ्याच ठिकाणी दिसतं. चुकीचं नाही, पण क्रिकेटच्या बातम्यांमुळे क्रमवारी म्हटलं की पहिला नंबर कोणाचा हेच डोक्यात येतं, आणि पुस्तकांची क्रमवारी म्हणजे सगळ्यात चांगलं पुस्तक वर असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. खरं काम त्यातलं ‘लावा’ करतंय. बाई म्हणतात पेपर रोलनंबरप्रमाणे लावून दे, पत्ते वाटून झाले की आपण आधी हातातली पानं लावून घेतो, हे सॉर्टिंगच आहे आणि मराठी माणूस ते शिकवल्याशिवाय बोलतो. म्हणून सरळ ‘नावाप्रमाणे लावा’, ‘किमतीप्रमाणे लावा’ असं लिहा.

चढता आणि उतरता हे शाळेच्या गणितातले शब्द, किंमत किंवा पानसंख्या असली की छान चालतात. तारखेला मात्र लोक अडखळतात, उतरता क्रम म्हणजे नवीन आधी का जुनं आधी? ऑर्डर बाय (क्रम ठरवणारी सूचना) मध्ये फील्डच्या, म्हणजे रकान्याच्या, नावाआधी उणे चिन्ह दिलं की जँगो उतरता क्रम लावतं, ते कोडमध्ये राहू दे, स्क्रीनवर ‘नवी आधी’ आणि ‘जुनी आधी’ म्हणा. अक्षरांसाठी ‘अ ते ज्ञ’. (जुन्या कोशांत आणि सूच्यांत यालाच ‘अकारविल्हे’ म्हणायचे, विल्हे म्हणजे क्रम, व्यवस्था, विल्हेवाटीतलं विल्हे तेच. मला हा शब्द फार आवडतो पण बटणावर आज कोणाला कळणार नाही.)

आता पृष्ठांकन. त्याचा अर्थ पानांना आकडे घालणं. पेजिनेशनमध्ये आकडे नंतर येतात, आधी लांब यादीची पानं पाडावी लागतात, म्हणजे डेटाबेसला सांगायचं की पहिल्या ५० नोंदी सोड आणि पुढच्या २५ दे, की झालं तिसरं पान. कोडच्या माहितीपत्रकात ‘पानं पाडणं’ लिहा, फारच औपचारिक हवं तर पृष्ठविभागणी, पण वाचकाला या क्रियेचं नाव दाखवायची गरजच नाही. त्याला ‘मागचं पान’, ‘पुढचं पान’, ‘१२ पैकी ३ रं पान’ आणि ‘एका पानावर २५ नोंदी’ एवढं पुरतं. ‘पृष्ठ’पेक्षा ‘पान’च बरं, पृष्ठ म्हणजे मुळात पाठ, आपण पाठपोट झेरॉक्स म्हणतो ना, त्यातली.

एक गोष्ट शब्दांतूनच स्पष्ट करा, आधी लावायचं आणि मग पानं पाडायची. क्रम न देता पानं पाडली तर जँगो स्वतःच इशारा देतं, कारण क्रम सांगितला नाही तर डेटाबेस कुठल्याच क्रमाची हमी देत नाही, मग एकच पुस्तक २ ऱ्या पानावरही येऊ शकतं आणि ३ ऱ्यावरही, आणि दुसरं एखादं कुठेच सापडत नाही. एकाच नावाची चार पुस्तकं असतील तरी हाच घोटाळा होतो, म्हणून शेवटी आयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा क्रमांक) पण क्रमात घाला. शिवाय रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की समोरच्या २५ च नोंदी लागल्या असं अनेकांना वाटतं, तिथे ‘सगळी यादी नावाप्रमाणे लावा’ लिहिलं की शंका राहत नाही.

आणि ‘अ ते ज्ञ’ लिहिणार असाल तर ते खरं करून दाखवा, हे मी कळकळीने सांगतोय. नुसत्या युनिकोड क्रमांकाने (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाने) लावलं तर ळ हा ल आणि व च्या मध्ये जातो, ‘क्षितिज’ ख च्या आधी येतं, ‘ज्ञानकोश’ झ च्या आधी, आणि ‘ॲ’चा क्रमांक ह च्याच काय, देवनागरी अंकांच्याही पुढचा असल्यामुळे ‘ॲटम’ सगळ्यात शेवटी जाऊन बसतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर नावाच्या रकान्याला मराठीचं कोलेशन (अक्षरं लावायचे नियम) द्या आणि हेच तीन शब्द आणि ळ ने सुरू होणारं काहीतरी घालून एकदा तपासून बघा.