'सरलं दळण' या ओवीतल्या पाच गव्हांचा अर्थ काय? आणि ती गावोगावी वेगळी का?

आजी म्हणायची ती ओवी पुस्तकातल्या ओवीशी जुळत नाही, मग चूक कुणाची, असं तुम्ही विचारलंत. यात आजीचं काही चुकलेलं नाही. जात्यावरच्या ओवीला 'मूळ पाठ' असा नसतोच. पहिली ओळ उभी राहिली की पुढचं दळणारी बाई जोडते. गावाचं नाव, भावाचं नाव, धान्य, सगळं तिच्या घरचं.

आता पाच गहू. पहाटे जात्यात मूठमूठ दाणे वैरत बाई शेवटाला येते, सुपात चार-पाच दाणे उरतात. पण घरातलं धान्य संपलं असं तोंडाने म्हणायचं नाही, ही आपली रीत. म्हणून कुणी गाते, दळण सरलं म्हणू कशी, सासरी-माहेरी भरल्या राशी. दुसरी गाते, सुपात पाच गहू, देवाने दिले मला भाऊ. म्हणजे उरलेले दाणे हे भाऊ, सासरी नांदणाऱ्या बाईचा माहेरचा आधार.

पण गहूच का? रोजचं दळण तर ज्वारी-बाजरीचं, मावळ-मुळशीकडे नाचणीचंही. माझ्या मते निम्मं उत्तर यमकात आहे. भाऊला गहू जुळतो, बाजरी जुळत नाही. उरलेलं निम्मं स्वयंपाकघरात. गहू सणाचा, पाहुण्याचा. भाऊ आला की पुरणपोळीसाठी गहू दळायचे. यमक आणि रीत अशी एकत्र आली की ती ओवी टिकते.

प्रत्येक दाण्यात गूढ अर्थ शोधणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. कबीराला फिरतं जातं पाहून रडू येतं, कारण दोन पाळ्यांत कुणीच साबूत राहत नाही. आपली म्हणही जात्यातल्यांना रडवते आणि सुपातल्यांना हसवते. ओवीत सहसा हा सूर नसतो. तिथे जातं डोंगरातून आलेला ऋषी असतं, त्याच्यापाशी बाई मन उकलते. जनाबाईबरोबर तर साक्षात विठ्ठल दळायला बसतो.

पहिली ओवी कुणाला वाहायची, यातही फरक आहे. कुठे गणपती, कुठे विठ्ठल. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्यात, त्याही ऐका.

कुठे ऐकायच्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी 1980च्या दशकात पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं संकलन सुरू केलं. त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. 2017पासून 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट आल्या आहेत. नुसत्या वाचू नका. छापताना 'गं बाई', 'सांगते बाई' अशी भर बहुतेक वेळा गाळली जाते, आणि गाणारीची चाल तर त्या भरीवरच तोललेली असते.