खेड्यात राहून टपालाने जुन्या कलाकारांची सही मिळवता येते का?

तुम्ही लिहिलंय, आजोबांना त्यांच्या तरुणपणीच्या एका मराठी अभिनेत्रीची सही हवी आहे, दोन पत्रं टाकली आणि सहा महिने झाले तरी काही आलं नाही. सही मिळते. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून २००६ पासून हेच करतेय. एकोणचाळीस सह्या जमल्यात आणि न आलेली उत्तरं त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. तेव्हा दोन पत्रांवर थांबू नका.

सगळं पत्रावर असतं. सुरुवातीला मीही "मी आपली चाहती आहे, कृपया सही पाठवावी" एवढंच लिहायची. क्वचितच कोणी उत्तर दिलं. मग एकदा एका अभिनेत्रीला लिहिताना आई बोलत गेली आणि मी तसंच उतरवलं. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, बैलबंडीत तणीस टाकून वाड्यातल्या सगळ्या बाया निघायच्या, रीळ बदलेपर्यंत अंधारात गप्पा चालायच्या, मध्यंतरात गाण्यांची चोपडी विकत घ्यायच्या. शेवटी आई म्हणाली, "त्यायले सांगजो, मी त्यायच्यासारखाच अंबाडा घालत होती." तेही लिहिलं. पाच आठवड्यांनी फोटो आला. सहीखाली आईच्या नावानं चार ओळी होत्या, आणि विचारलं होतं, तो तंबू अजून येतो का?

या कलाकारांनी आयुष्यभर सह्या दिल्यात, सहीचं त्यांना काय अप्रूप! पण दारव्ह्याच्या जत्रेत आपला चित्रपट कोणी कसा पाहिला, हे त्यांना कोण सांगतं? आणि सही आजोबांच्या नावानं मागा. विकणाऱ्याला नाव घातलेली सही नको असते, त्यामुळे हा माणूस सही बाजारात नेणार नाही, एवढा भरवसा त्यांना मिळतो. एका पत्रात एकच सही मागायची.

आता पाकीट. ज्यावर सही हवी तो कलाकाराचा फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून मॅट कागदावर काढून घ्या. चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं. मागे वहीचा पुठ्ठा लावा. आत तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं दुसरं पाकीट घडी करून ठेवा. पत्त्यात मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं हवं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात, पण पुठ्ठ्यानं वजन वाढतं, म्हणून दोन्ही पाकिटं पोस्टात वजन करूनच तिकिटं लावा. तिकीट कमी पडलं तर फरकाच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल होते. ऐंशी वर्षांच्या बाईंना आपल्या पत्रासाठी पैसे मोजायला लावणं मला तरी सहन होणार नाही. रजिस्ट्री २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. मी मात्र साधं टपालच वापरते, कारण स्पीड पोस्ट घ्यायला कोणीतरी दारात येऊन सही करावी लागते आणि म्हाताऱ्या माणसांना तो त्रास होतो.

घरात जपलेली मूळ वस्तू कधीच पाठवू नका. मी बाबांची गाण्यांची चोपडी पाठवली होती. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी कापसाच्या वेचणीचा हिशोब लिहिला होता. ती परत आली नाही. त्यांच्या हातचं अक्षर तेवढंच उरलं होतं, आजही आठवलं की पोटात तुटतं.

पत्ते विकत घेऊ नका, त्यातले बरेच जुने असतात. मराठी कलाकारांसाठी कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळामार्फत विचारून बघा. कोणाचं आत्मचरित्र आलं असेल (आशा पारेख यांचं २०१७ मध्ये आलं), तर प्रकाशकाच्या पत्त्यावर त्यांच्या नावे पत्र टाकता येतं. त्याआधी ती व्यक्ती हयात आहे का, हे नक्की पाहा. रमेश देव २०२२ मध्ये गेले, सीमाताई आणि सुलोचनादीदी २०२३ मध्ये. तिघांनाही पत्र लिहायचं मी दर दिवाळीला ठरवायची आणि पुढच्या दिवाळीवर ढकलायची.

सही आली की ती भिंगाखाली, उजेडात तिरकी धरून बघा. हातची असेल तर रेघ जिथे रेघेवरून जाते तिथे शाई दाट दिसते. छापील असेल तर बहुधा बारीक ठिपके दिसतात. लॅमिनेशन करू नका. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर आपल्याकडच्या मे महिन्यात फोटो तिला चिकटतो, आणि भिंतीतल्या कपाटात उधई (वाळवी) लागते. मी कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवते.

तिसरं पत्र तुम्ही रचू नका. आजोबांना अंगणात बसवा, बोलू द्या, जसं बोलतील तसं लिहून घ्या. वऱ्हाडी शब्द बदलू नका. खाली त्यांनाच सही करू द्या, हात थरथरला तरी चालेल. आणि पाकीट बंद करण्याआधी त्या पत्राचा एक फोटो काढून ठेवा, घरासाठी.