१४ महिन्यांचा मुलगा चावतो, डोके आपटतो. व्हिडिओ कॉलवरच्या पालक-मार्गदर्शनाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो. मात्र त्यात आधी सुधारायचे असते ते आपल्याला, आणि हे ऐकून घेण्याची तयारी नसेल तर पैसे वाचवावेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०२१ च्या हिवाळ्यात माझा मुलगा तुमच्या मुलाच्याच वयाचा होता. मनासारखे झाले नाही की तो लाकडी फरशीवर कपाळ आपटायचा आणि उचलून घेतले की खांद्याला चावायचा. बालरोगतज्ज्ञांनी ज्या थेरपिस्टबाईंचे नाव सुचवले, त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यामुळे रव्याच्या डब्याला टेकवलेला फोन, माझ्या एका कानात इअरफोन आणि सतरंजीवर वाट्या-चमच्यांच्या पसाऱ्यात बसलेला मुलगा, एवढाच आमचा दवाखाना होता.

पद्धत पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपीची. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली, तेव्हा थेरपिस्ट एकतर्फी आरशामागे बसून पालकाच्या कानात सूचना देत असत. आमच्याकडे आरशाच्या जागी कॅमेरा होता. मूळ पद्धत साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, परंतु मायामीतील डॅनियल बॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १५ महिन्यांच्या बाळांसाठी तिचे छोटे रूप तयार केले. रोज पाच मिनिटे बाळाच्या कलाने खेळायचे, ते जे करते ते शब्दांत सांगायचे, त्याचे आवाज परत म्हणायचे, नेमके काय आवडले ते सांगून शाबासकी द्यायची, आणि तेवढा वेळ प्रश्न, हुकूम व टीका टाळायची.

थेरपिस्टबाईंना मराठीचा गंधही नव्हता. तरीही पहिल्या पाच मिनिटांनंतर त्या म्हणाल्या, "तुम्ही २६ प्रश्न विचारलेत." मी साफ नाकारले. त्यांनी वाक्याच्या शेवटी चढणारा माझा सूर मोजला होता. रेकॉर्डिंग ऐकले आणि मी गप्प झाले: "काऊ कुठे आहे? हे काय आहे? वाटी कोणाची? आईला देणार ना?" एकाचे उत्तर येण्याआधी दुसरा तयार. आपण मराठी आया बाळाशी बोलत नाही, त्याची तोंडी परीक्षा घेतो, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे. मग "वाटीत वाटी ठेवलीस", "हळू हात लावलास, शाबास" अशी दहा वाक्ये कागदावर लिहून मी ती फ्रीजला चिकटवली. चौथ्या आठवड्यात एकदा चमचा सोफ्याखाली गेला, कपाळ नेहमीप्रमाणे फरशीकडे झुकले, आणि मध्येच थांबून त्याने माझ्याकडे दोन्ही हात वर केले. चावणे जायला मात्र आणखी बरेच दिवस लागले.

माझ्या आईला हे पटणे शक्यच नव्हते. तिने सांगलीत ३१ वर्षे बालवाडी चालवली असून, विचारल्याशिवाय मूल बोलायला शिकत नाही, हे तिचे ब्रीद आहे. बंदी फक्त पाच मिनिटांची आहे, हे मी तिला किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही, ती मात्र रोज व्हिडिओ कॉलवर "काऊ कुठे आहे?" हाच पाढा सुरू करी. तुमच्याही घरात असे कोणी असेल, तर बैठकीच्या वेळी त्यांचा फोन उचलू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. डोके आपटणे या वयात बऱ्याच मुलांमध्ये दिसते आणि बहुधा आपोआप जाते. परंतु हाकेला ओ देत नसेल किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर व्हिडिओ कॉलच्या भरवशावर न राहता आधी डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. कॅमेऱ्याबाहेर घडते ते थेरपिस्टला दिसत नाही. शिवाय अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना सहसा राज्यापुरता असतो. आम्ही तीन आठवडे सांगलीला गेलो तेव्हा आमच्या बैठका बंद राहिल्या. तुमच्याकडे किती खर्च येईल, हे मी सांगू शकत नाही.

त्याच मुक्कामात मुलगा अंगणाकडे बोट दाखवून "काऊ गेला" असे म्हणाला, आणि आईने तो आपल्या प्रश्नांचा विजय म्हणून सगळ्या आळीत सांगितला. त्या क्षणी कोणीही काहीही विचारलेले नव्हते. मी शेजारीच बसले होते.