पहिली सात इंची रेकॉर्ड घेण्याआधी

अरे, रेकॉर्ड जमवायला डिस्कॉर्ड या अमेरिकन पंक लेबलपासून (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीपासून) सुरुवात करतोयस हे छानच, पण थेट १९८१च्या प्रतींमागे धावू नकोस. वॉशिंग्टन डी.सी.मधल्या टीन आयडल्सच्या पोरांनी बँड मोडताना साठलेल्या पैशांतून एक सात इंची काढली, त्यातून हे लेबल उभं राहिलं. पहिल्या खेपेला प्रती फक्त १,०००. कव्हरं त्यांनी घरीच कापली, दुमडली, चिकटवली. त्यामुळे कडा वाकडी दिसली तर नाक मुरडू नकोस. उलट फार गुळगुळीत कव्हर दिसलं की मलाच शंका येते.

'मूळ प्रत' या दोन शब्दांवर भुलून मी एकदा चांगलाच हात पोळून घेतलाय. कव्हर झकास, रेकॉर्ड मात्र बरीच नंतरची. तेव्हापासून शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या गोल कागदी चकतीपर्यंत जी कोरी पट्टी असते, तिचा तिरप्या उजेडातला फोटो मागतो. तिथे कोरलेली अक्षरं नि आकडे मूळ प्रतीच्या नोंदीशी जुळवायचे. फोटोला कुरकुर करणाऱ्याला सरळ सोडून दे.

नुसतं ऐकायचं असेल तर लेबलकडूनच नवी आवृत्ती घे. दर वाजवी ठेवायची त्यांची जुनी खोड आहे. फक्त एकेक मागवू नकोस, टपालखर्च रेकॉर्डच्या वर जातो. दोघा-तिघांत मिळून मागवा.

आणि सात इंची म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांचीच, असं धरून चालू नकोस. काही ३३वरही असतात. हार्डकोर, म्हणजे या लेबलवरचं पंक, मुळातच इतकं सुसाट, की चुकीचा वेग लागलाय हे कळायला मला दोन गाणी लागली होती.