प्रोबचे टोक टेकताच सर्किट बदलते

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावासाठी घेतलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपसोबत (विद्युत सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारे उपकरण) १ एक्स (सिग्नल तसाच) आणि १० एक्स (सिग्नल दहाव्या हिश्श्यावर) असा खटका असलेले दोन प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायच्या टोकाच्या केबली, आले होते. त्यांतल्या एकाचे टोक तुटल्याने नवा घ्यायचा आहे. बाजारात ६० पासून ५०० मेगाहर्ट्झपर्यंतचे प्रोब दिसतात, कोणता घ्यावा? शिवाय मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या पायाला प्रोब लावला की सर्किट बंद पडते आणि काढला की चालू होते. उरलेला प्रोबही बिघडला आहे का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपला प्रोब बिघडलेला नाही, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले असल्यामुळे तिथूनच सुरुवात करू. प्रोबचा खटका बहुधा १ एक्सवर राहिला असावा. त्या स्थितीत प्रोब म्हणजे जवळजवळ नुसती वायर असते. स्कोपच्या इनपुटची आणि सुमारे मीटरभर केबलची मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपासची धारिता (कपॅसिटन्स) सरळ आपल्या सर्किटवर येते. क्रिस्टलच्या प्रत्येक पायाला सर्वसाधारणपणे २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्याच्या चौपट-पाचपट भार एका पायावर पडला की ऑसिलेटर थांबतो, यात नवल नाही. खटका १० एक्सवर नेला की टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक छोटा कपॅसिटर येतो, त्यामुळे सर्किटला साधारण १० मेगाओहम आणि १० ते १५ पिकोफॅरड एवढाच भार जाणवतो. क्रिस्टलच्या दृष्टीने तोही कमी नाही; ऑसिलेटर चालू राहिला तरी त्याची वारंवारता किंचित सरकते. म्हणून टोक ऑसिलेटरच्या इनपुटच्या पायाला न लावता आउटपुटच्या पायाला लावावे, किंवा मायक्रोकंट्रोलरमध्ये तशी सोय असल्यास क्लॉक दुसऱ्या एखाद्या पिनवर बाहेर काढून तिथे मोजावा. हा दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे.

१० मेगाओहम हा आकडा पाहून भार नगण्य आहे असे वाटते, पण तो आकडा केवळ डीसीसाठी आणि अगदी कमी वारंवारतेसाठी खरा असतो. १० पिकोफॅरडचा कपॅसिटर १०० मेगाहर्ट्झला सुमारे १६० ओहमसारखा वागतो. त्यामुळे प्रोब निवडताना मोठ्या अक्षरांत छापलेल्या मेगाहर्ट्झआधी माहितीपत्रकातली इनपुट धारिता वाचावी, असे मी आग्रहाने सांगतो; सारख्याच बँडविड्थच्या (किती मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल नीट पोहोचतो ती मर्यादा) दोन प्रोबांपैकी कमी धारितेचा प्रोब आपल्या सर्किटला कमी त्रास देतो.

आता मेगाहर्ट्झबद्दल. प्रोबवर छापलेली बँडविड्थ १० एक्सचीच असते. १ एक्सवर तोच प्रोब जेमतेम ६ ते १० मेगाहर्ट्झपर्यंत भरवशाचा असतो. आपल्या १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला १०० मेगाहर्ट्झचा प्रोब जोडल्यास ढोबळ हिशेबाने दोघांची मिळून बँडविड्थ सुमारे ७० मेगाहर्ट्झ होते, २०० मेगाहर्ट्झचा जोडल्यास सुमारे ८९ आणि ५०० मेगाहर्ट्झचा जोडल्यास सुमारे ९८. म्हणजे २०० च्या पुढे मोजलेल्या पैशांच्या मानाने हाती फारसे काही लागत नाही. आपण २०० मेगाहर्ट्झचाच घ्यावा.

मात्र पैसे देण्याआधी आणखी एक आकडा जुळवून पाहावा लागतो आणि बहुतेक जण तो पाहतच नाहीत. स्कोपच्या बीएनसी सॉकेटशेजारी (जिथे प्रोबची केबल बसते) १ मेगाओहमसोबत पिकोफॅरडचा एक आकडा छापलेला असतो आणि प्रोबच्या माहितीपत्रकात तो किती पिकोफॅरडपर्यंत जुळवून घेऊ शकतो याची मर्यादा दिलेली असते. समजा प्रोबची मर्यादा १० ते २५ पिकोफॅरड आहे आणि स्कोपचे इनपुट ३० चे आहे, तर ट्रिमर (प्रोबमधला जुळणीचा छोटा कपॅसिटर) कितीही फिरवला तरी प्रोब जुळणार नाही. कारण सोपे आहे : रेझिस्टर सिग्नल दहाव्या हिश्श्यावर आणतात, तसेच कपॅसिटरांनीही तो नेमका दहाव्या हिश्श्यावरच आणला पाहिजे, नाहीतर कमी आणि जास्त वारंवारतांना वेगवेगळा हिस्सा मिळतो.

प्रोब आला की टोकाचा हुक स्कोपच्या पुढच्या बाजूच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी तरंगाच्या पट्टीला अडकवावा आणि तरंगाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहावे. कोपरा शिंगासारखा वर उचललेला दिसला तर भरपाई (ट्रिमरची जुळणी) जास्त आहे, वितळल्यासारखा गोल दिसला तर कमी आहे. प्रोबच्या मुठीत किंवा बीएनसीच्या बाजूच्या डबीत एक बारीक खाच असते, ती सोबत मिळालेल्या प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवून माथा सपाट करावा. धातूचा स्क्रूड्रायव्हर लावल्यास तो काढताच जुळणी पुन्हा सरकू शकते. चॅनेल बदलला तरी ही तपासणी नव्याने करावी. मी विद्यार्थ्यांना शिकवताना हे दोन मिनिटांचे काम कधीही टाळू देत नाही, कारण न जुळवलेल्या प्रोबने घेतलेले उच्च वारंवारतेचे एकही माप विश्वासार्ह नसते.

प्रोबच्या डब्यात टोकाला बसणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग आहे ना, हेही पाहून घ्यावे. ग्राउंडच्या १५ सेंटिमीटरच्या तारेचे इंडक्टन्स सुमारे १५० नॅनोहेन्री असते आणि प्रोबच्या १० पिकोफॅरडबरोबर ते १३० मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरते. वेगवान कडांवर दिसणारी ती थरथर सर्किटात नसतेच. सेंटिमीटरभर लांबीची स्प्रिंग लावली की ती वारंवारता ५०० मेगाहर्ट्झच्या घरात जाते आणि आपल्या स्कोपला ती दिसत नाही.

प्रश्न : मी एलईडी ड्रायव्हर आणि एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे) दुरुस्त करतो. प्रायमरी (मेन्सला जोडलेल्या) बाजूच्या मॉसफेटवर (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) १० एक्स प्रोब लावला तर चालेल का? काही मित्र त्यासाठी स्कोपच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढायला सांगतात.
– एक दुरुस्ती व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : अर्थिंगची पिन कृपया कधीही काढू नका. ग्राउंडची क्लिप, बीएनसीची बाहेरची कडी, दुसऱ्या चॅनेलची क्लिप आणि यूएसबीचा पत्रा हे सारे आतून एकच असतात. अर्थिंग तोडून ती क्लिप प्रायमरीला लावली की या सगळ्यांवर मेन्सचा दाब येतो आणि ज्या खटक्यांना आपण निर्धास्तपणे हात लावतो त्यांच्याशेजारीच तो उभा असतो.

अर्थिंग तशीच ठेवून क्लिप लावली तर सरळ शॉर्ट होतो, कारण ब्रिजनंतरची (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांनंतरची) प्रायमरीची ऋण बाजू म्हणजे अर्थ नव्हे. अशा एका प्रसंगानंतर क्लिपचे दात वितळून त्यांचा मणी झालेला मी पाहिला आहे. पीसीबीची पट्टीही उडाली होती.

योग्य मार्ग असा, की दुरुस्तीचे उपकरण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावे आणि स्कोप अर्थवरच ठेवावा. त्यानंतरही बाकीचे बिंदू जीवघेणे राहतात आणि अशा जोडणीत ईएलसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) वाचवायला येत नाही, हे लक्षात ठेवावे. प्रोबचे म्हणाल तर २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, आणि फ्लायबॅक सर्किटात (एसएमपीएसचा एक प्रकार) मॉसफेटच्या ड्रेन पायावर ते ५०० ते ६०० व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. अनेक १० एक्स प्रोब ३०० किंवा ६०० व्होल्टचेच असतात. शिवाय वारंवारता वाढेल तशी ही मर्यादा खाली येते आणि त्याचा आलेख माहितीपत्रकात दिलेला असतो. या कामासाठी १०० एक्सचा, १५०० व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचा प्रोब घ्यावा. त्याची धारिताही ५ पिकोफॅरडच्या आसपास असते, हा आणखी एक फायदा. हे काम आपल्याकडे रोजचेच असेल तर पैसे साठवून डिफरन्शियल प्रोब (कोणतेही टोक अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घेणे हाच खरा उपाय आहे, जरी तो पॅसिव्ह प्रोबपेक्षा बराच महाग पडतो.

प्रश्न : ५ व्होल्टच्या पुरवठ्यावरचा रिपल (डीसीवर उरलेला छोटा चढउतार) १० एक्सने पाहिला की नुसती जाड रेघ दिसते. असे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : १० एक्समुळे पडद्यावरच्या प्रति घराला २ मिलिव्होल्ट दाखवणारा स्कोप २० मिलिव्होल्टचा होतो आणि आपला रिपल स्कोपच्याच गोंगाटात बुडतो. पुरवठ्याचा अंतर्गत रोध अगदी कमी असल्याने तिथे १०० पिकोफॅरडचा भार काहीच बिघडवत नाही, म्हणून हे काम १ एक्सचेच आहे. एसी कपलिंग (डीसी भाग अडवणारी सोय) आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ-मर्यादा चालू करावी, लांब तारेऐवजी स्प्रिंग लावून टोक थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन पायांवर टेकवावे, आणि चॅनेलच्या मेनूमध्येही १ एक्स निवडावे, नाहीतर वाचलेला आकडा दहापट मोठा येईल.