शिकागोच्या तिघांना सोडणारा गव्हर्नर

प्रश्न: आमच्या सातपूर एमआयडीसीत १ मेला शिकागोच्या कामगारांची आठवण काढतात, त्यातल्या तिघांना नंतर एका गव्हर्नरनी सोडलं म्हणे, तो कोण?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जॉन पीटर आल्टगेल्ड, जन्म जर्मनीतला, १८९३ ला इलिनॉयचा, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या राज्याचा, गव्हर्नर झाला. १८८६ च्या हेमार्केट बॉम्ब प्रकरणात (शिकागोत कामगारांच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला ते) चौघांना १८८७ लाच फाशी झालेली, जेलमधल्या तिघांना त्यानं जून १८९३ मध्ये माफी दिली आणि नुसती दया म्हणून नाही हां, ज्युरी ठरवून भरलेली, जज एकतर्फी, बॉम्ब कोणी टाकला तेच सिद्ध झालेलं नाही, असं सगळं स्पष्ट लिहून दिलं. पेपरवाले तुटून पडले. वर्षभरात पुलमन रेल्वे संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनी संप मोडायला सैन्य पाठवलं, तेही याच्याच पक्षाचे, तरी यानं उघड विरोध केला. १८९६ ला निवडणुकीत पडला. मला मात्र त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.